कोलमकिल महापाषाण उद्यान

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, बँगर गावाजवळ किटाटिनी डोंगररांगेच्या कुशीत असलेले उभ्या शिळांचे आधुनिक उद्यान. विल्यम कोहे या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) धर्मोपदेशकांनी फ्रेडरिक लिंडक्विस्ट यांच्या साथीने 1970 च्या दशकात ते उभारायला घेतले. लोकांनी इथे यावे, निवांत हिंडावे, चिंतन करावे, हा त्यामागचा हेतू.

प्रेरणा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील आयोना बेटाची. आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाने इ. स. 563 मध्ये तिथे मठ स्थापला. कोलमकिल हे त्याचेच गेलिक नाव. बँगरचा परिसर तसा दगडाशी जुने नाते असलेला. इथल्या पाटीच्या दगडाच्या खाणींवर वेल्समधून खाणकामगार आले आणि गावालाही वेल्समधल्या बँगरचेच नाव मिळाले.

रानातल्या पायवाटांनी जाताना ऐंशीच्या आसपास शिळा भेटतात. काही वर्तुळात मांडलेल्या, काही एकेकट्या. थॉर या नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, देवाच्या नावाचे ‘थॉरचे द्वार’ म्हणजे दोन उभ्या शिळांवर तिसरी आडवी ठेवून केलेली चौकट. सुमारे 20 फूट उंचीची एक शिळा मानन्नान या आयरिश सागरदेवाच्या नावाची आहे. जवळच संत कोलंबाचे छोटे दगडी चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, आणि संत ओरानचा घंटामनोरा. ओरान हा कोलंबाचा सोबती. आयोनावरच्या चॅपलच्या भिंती उभ्या राहीनात, तेव्हा त्याने स्वतःला भिंतींच्या पायात जिवंत पुरून घेतले, अशी दंतकथा आहे. पुरंदरच्या बुरुजाविषयीही अशीच नरबळीची कथा सांगतात. मात्र ओरान स्वेच्छेने गेला, असे मानले जाते.

नॉर्स व आयरिश देव आणि ख्रिस्ती संत इथे शेजारी नांदतात. एका पाद्र्याने घडवलेल्या जागेत हे व्हावे, यातच या उद्यानाचे मोठेपण आहे. शिळा प्राचीन असल्याचा आव कुठेही नाही. त्या आपल्याच काळात, आधुनिक यंत्रांच्या मदतीने उभ्या केल्या आहेत, आणि तरीही त्यांच्यामधून चालताना पावले आपोआप मंदावतात. कोणत्याही एका पंथाची उपासना पाहुण्यांवर लादली जात नाही.

उद्यान ना-नफा संस्थेमार्फत चालते आणि दिवसाउजेडी लोकांसाठी खुले असते. अयनदिन, मे महिन्यारंभीचा बेल्टेन आणि हिवाळ्याच्या तोंडावरचा साउइन हे गेलिक सण अशा ऋतुसंधींना इथे लोक एकत्र जमतात.