भाडं थकलंय? कुलपाला हात लावण्याआधी हे वाचा

भाड्याने दिलेलं एकच घर, त्यावर बँकेचा हप्ता, आणि भाडेकरूचा मेसेज: ‘पुढच्या आठवड्यात नक्की देतो.’ आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मालकांनी हा मेसेज चार-पाचदा वाचलेला असतो. तोवर अनामत रक्कम थकलेल्या भाड्यात जिरलेली असते, आणि पहिला प्रश्न ठरलेला: “कुलूपच बदललं तर?”

नका बदलू. वीज-पाणी तोडणं, सामान बाहेर काढणं, दार अडवणं हे जवळजवळ सगळीकडे बेकायदा आहे, भाडं कितीही थकलेलं असो. आदल्या दिवशी तक्रारदार असलेले तुम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर देणाऱ्याच्या जागी उभे राहता, आणि थकबाकीचा विषय मागेच पडतो.

भाडेकरूला कायदा सवड देतो, हे धरूनच चालायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे भाडेकरूला थकबाकीची मागणी-नोटीस दिल्यावर 90 दिवस घराच्या ताब्याचा दावा लावता येत नाही (लिव्ह अँड लायसन्सची वाट वेगळी). जर्मनीत दाव्याची प्रत हाती पडल्यावर 2 महिन्यांत सगळी थकबाकी भरली, तर थकबाकीपायी तडकाफडकी मोडलेला करार सहसा पुन्हा उभा राहतो. फ्रान्समध्ये 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या थंडीच्या दिवसांत, काही अपवाद सोडले तर, कुणाला घराबाहेर काढत नाहीत. सवडीचे हे दिवस आपल्या हातात नाहीत. त्याआधी आपणच संकोचापायी घालवलेले महिने मात्र आपलेच. पहिल्यांदा भाडं चुकलं त्याच आठवड्यात लेखी आठवण जाऊ द्या, भाषा गोड असली तरी चालेल.

नोटिशीत आकडा बरोबर हवा. रागाच्या भरात मालक त्यात नळदुरुस्ती, रंगकाम, मनाने लावलेला दंड असं सगळं घालतात, आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. कुठल्या महिन्याचं किती भाडं, त्यातलं किती आलं, कोणत्या तारखेला, एवढंच लिहायचं. करारावर नवरा-बायको दोघांच्या सह्या असतील तर नोटीस दोघांच्या नावे. नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आली तर लिफाफा फोडू नका. तो बंद लिफाफाच तुमचा पुरावा आहे. पोस्टाची पावती त्याला टाचून ठेवा.

आणखी एक गंमत पाहतो. नोटीस मिळताच भाडेकरू अचानक अर्ध्या महिन्याचं भाडं खात्यात टाकतो. मालक खूश. पुढे सुनावणीत तो म्हणतो, “भाडं घेतलं, म्हणजे मला राहू दिलं.” पैसे परत करायची गरज सहसा पडत नाही, पण त्याच दिवशी लेखी कळवा: ‘रक्कम थकबाकीपोटी जमा केली, नोटीस कायम आहे, आमचे हक्क राखून.’

निकाल लागला की घर मिळालं, असं नाही. अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज लागतो, मग बेलिफची, म्हणजे ताबा मिळवून देणाऱ्या न्यायालयाच्या कर्मचाऱ्याची, तारीख. त्या दिवशी सामानाची यादी आणि फोटो घ्या. राहिलेल्या सामानावरून नवं भांडण उभं राहतं.

म्हणून तडजोडीचा विचार करा, असं आम्ही स्पष्ट सांगतो, कितीही कडू लागलं तरी. 4 महिन्यांची थकबाकी सोडून घर पंधरा दिवसांत हातात येत असेल आणि खटल्यात आणखी वर्ष जाणार असेल, तर हिशेब कागदावर मांडूनच ठरवा. फक्त माफीचा कागद आधी देऊ नका. किल्ल्या, मीटरचं वाचन आणि ताबा पावतीवर दोघांच्या सह्या, हे सगळं एकाच बैठकीत, रिकाम्या खोलीत उभं राहून.

आम्ही वकील नाही. भाड्याचा हिशेब, पावत्या आणि पत्रव्यवहार लावून देणं हे आमचं काम. न्यायालयाचा भाग तुमच्या वकिलांचा. पहिल्यांदा येताना मूळ करार, बँकेचा उतारा आणि तो ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असलेला फोन घेऊन या. मेसेज पुसू नका. थकबाकी मान्य केल्याचं त्याने स्वतःच तारखेसह लिहून दिलेलं असतं.