टर्बोचा दाब वाढतो, तेव्हा इंधनाच्या तक्त्याचे काय करायचे?

साताऱ्यातल्या हौशी गाडीवाल्यांत ‘रीमॅप’ (इंजिनच्या संगणकातले आकडे बदलणे) हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्राचा, बूस्ट (जादा दाब) थोडा वाढवला आणि संगणकात पेट्रोल थोडे वाढवले, की खंबाटकीच्या चढावर गाडी सुसाट निघते, अशी साधारण समजूत असते. यातले दुसरे ‘थोडे’ फसवे आहे, कारण इंजिनच्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, इंधन वाढवण्याची एकच एक कळ नसते. तिथे आकड्यांचा एक तक्ता असतो: आडव्या बाजूला इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे, उभ्या बाजूला इन्टेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, आणि प्रत्येक रकान्यात इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी झडप, किती वेळ उघडा ठेवायचा याची नोंद. दोन रकान्यांच्या मधली स्थिती आली, तर ईसीयू शेजारच्या आकड्यांवरून मधला आकडा काढतो. (काही गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजली जाते, इथे दाबावर चालणाऱ्या पद्धतीपुरतेच बोलू.)

मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरला मर्यादा असते. ती 200 किलोपास्कल असेल, तर प्रत्यक्षात 220 झाले तरी ईसीयूला 200च दिसतात. दहा किलोच्या ताणकाट्याला बारा किलोची पिशवी अडकवली, तरी काटा दहावरच अडून राहावा, तसे हे आहे. हवा जास्त शिरते, पेट्रोल मात्र तेवढेच राहते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते.

हा दाब निरपेक्ष असतो, म्हणजे त्यात वातावरणाचा दाबही धरलेला असतो, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. डॅशबोर्डवरचे बूस्ट गेज बहुधा वातावरणाच्या वरचा दाब तेवढा दाखवते. साताऱ्याची उंची सुमारे 740 मीटर आहे आणि हवेचा दाब साधारण 93 किलोपास्कल. तिथे गेजवर 1.05 बार, म्हणजे 105 किलोपास्कल दिसत असतील, तर मॅनिफोल्डमध्ये 198 असतात आणि सेन्सरला ते दिसतात. महाबळेश्वरला हीच बेरीज 191च्या आसपास भरते. पण तीच गाडी पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला नेली, तर बेरीज 206 होते. साध्या स्प्रिंगवर चालणारा वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा दाब आवरणारी झडप, गेजचा दाब तेवढाच राखतो, त्यामुळे काटा कुठेही वेगळे काही सांगत नाही. तीन टक्क्यांचा हा फरक एरवी खपून जातो. मात्र हौस वाढून बूस्ट 1.2 बारवर गेला, की चिपळुणात आकडा 221 होतो, आणि एक भाग पेट्रोलला बारा भाग हवा असे ठरवलेले प्रमाण सव्वातेरापर्यंत सरकते. पूर्ण भाराखाली एवढे पातळ मिश्रण पुरेसे थंडावत नाही आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा आपोआप, अवेळी होणारा भडका, सुरू होते. पुढे स्पार्क प्लग काढला, तर त्याच्या चिनी मातीवर पिस्टनमधून सुटलेल्या ॲल्युमिनियमचे चकाकते बारीक कण दिसतात.

म्हणून आधी 300 किलोपास्कलचा सेन्सर बसवायचा आणि मग तक्ता ताणायचा. उभ्या बाजूला 16 ओळी असतील, तर 20 ते 200 या पट्ट्यात त्या 12-12च्या अंतरावर बसतात. 300पर्यंत सारख्या ताणल्या, तर अंतर जवळजवळ 19 होते आणि 30-40 किलोपास्कलवर चालणारे आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचे मंद चालणे) बिघडते. जाणता ट्यूनर खालच्या ओळी दाट ठेवतो, वरच्या विरळ करतो आणि प्रत्येक रकान्यातला आकडा नव्या दाबासाठी पुन्हा काढतो.

हा हिशेब सरळ गुणाकाराचा वाटतो, पण तसा नाही. समजा, 200 किलोपास्कलला इंजेक्टर 15 मिलिसेकंद उघडतो. त्यातला सुमारे एक मिलिसेकंद झडप हलण्यातच जातो, तेव्हा खरे इंधन 14 मिलिसेकंदांचे. दाब 240 झाला, की 14ची 1.2 पट, म्हणजे 16.8, आणि वर तो एक: एकूण 17.8. मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर एका पूर्ण चक्राला 20 मिलिसेकंदच मिळतात. म्हणजे इंजेक्टर 89 टक्के वेळ उघडा राहणार, आणि 85च्या पुढे तो सहसा भरवशाचा राहत नाही. 30 टक्के मोठे इंजेक्टर बसवले, तर हेच काम सुमारे 14 मिलिसेकंदांत उरकते.

इथे एक पळवाट लोकप्रिय आहे, आणि माझ्या मते खरा धोका तिच्यातच आहे. सगळा तक्ता नव्याने मांडण्याऐवजी सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये एक छोटी पेटी बसवायची आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब कळवायचा. त्यामुळे तो इंजेक्टर कमी वेळ उघडतो, पण इंजेक्टर मोठे असल्याने इंधनाचे गणित कसेबसे जुळते. पण ठिणगी केव्हा पाडायची, हे सांगणारा तक्ताही तोच दाब वाचतो. खरा दाब 240 असताना तो 185ची ओळ उघडतो आणि कमी भाराला योग्य अशी लवकरची ठिणगी देतो. इंधन बरोबर, ठिणगी चूक, अशा अवस्थेत इंजिन गरम दुपारी घाट चढते. त्यामुळे दाबाची पट्टी बदलली, की तिच्यावर चालणारे ठिणगीचे, बूस्टच्या मर्यादेचे आणि हवेच्या तापमानानुसार दुरुस्ती करणारे सगळे तक्ते बदलावे लागतात.

डिझेलची गोष्ट उलटी आहे: तिथे हवा मुळातच जास्त असते आणि इंधन अती झाले, तर काळा धूर निघतो व एक्झॉस्ट तापतो.

नवा तक्ता भरल्यावर आधी कमी बूस्टवर, शक्यतो डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), एक्झॉस्टमधून मिश्रणाचे प्रमाण ओळखणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावून प्रत्येक रकान्यातले मिश्रण तपासतात. तिथे 12 अपेक्षित असताना 12.6 दिसले, तर त्या रकान्यात इंधनाचा वाटा पाच टक्क्यांनी वाढवायचा, ठिणगी एखाद-दोन अंशांनी मागे घेऊन नॉक सेन्सरची नोंद पाहायची, आणि मगच पुढच्या ओळीकडे वळायचे.