हवेतल्या आयोडीन-131 ची मोजणी : कॅलिब्रेशनच्या अर्जाआधीची तयारी

थायरॉइडच्या कर्करोगावर आयोडीन-131 देणाऱ्या वॉर्डातली हवा परिचारिका आणि सफाई कर्मचारीही श्वासात घेतात. ते आयोडीन रक्तातून त्यांच्या थायरॉइडमध्ये जाऊन साठतं. म्हणून हवा-नमुन्याचा आकडा विश्वासाचा हवा, आणि त्यासाठी तो मोजणाऱ्या डिटेक्टरचं कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात स्रोताशी ताडून पाहणं, प्रयोगशाळेकडून करून घ्यावं लागतं.

प्रयोगशाळेकडचा हा अर्ज संस्थेच्या नावाने करायचा. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा या परवाना पोर्टलवरची नोंदणी, न्यूक्लिअर मेडिसिनचा चालू परवाना आणि आरएसओच्या (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याच्या) नेमणुकीची मंजुरी, या तिन्हींच्या प्रती हाताशी ठेवा. ताडून पाहण्यासाठीचा संदर्भ स्रोत सूट-मर्यादेपेक्षा (जिच्या आत परवानगी लागत नाही त्या मर्यादेपेक्षा) जास्त क्रियाशीलतेचा असेल, तर खरेदीआधी परवानगी काढावी लागते. प्रयोगशाळेला एकच प्रश्न आधी विचारा : तुमची मानकं बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) राष्ट्रीय मानकांशी जोडलेली आहेत का?

उपकरणाचं मॉडेल, अनुक्रमांक, जुनं प्रमाणपत्र हे सगळे देतात. राहून जाते ती कार्ट्रिजची, म्हणजे हवेतलं आयोडीन अडकवणाऱ्या डबीची, माहिती, आणि खरी चूक तिथेच शिरते. टीईडीए हे आयोडीन धरून ठेवणारं रसायन लावलेल्या कोळशाच्या कार्ट्रिजमध्ये आयोडीन सगळीकडे सारखं पसरत नाही. हवा जिथून आत शिरते त्या बाजूला जास्त अडकतं. ती बाजू डिटेक्टरकडे आहे की उलट, यावर मोजणी बदलते. त्यामुळे कार्ट्रिजचा व्यास, जाडी, हवेच्या प्रवाहाचा दर आणि मोजताना वर असणारी बाजू अर्जातच लिहा. शक्य असेल तर त्याच बॅचचं कोरं कार्ट्रिज सोबत पाठवा.

आयोडीन-131 चं अर्धायुष्य 8 दिवसांचं असल्याने त्याचा स्रोत कपाटात ठेवून वापरता येत नाही. त्याऐवजी साडेदहा वर्षं अर्धायुष्याचा बेरियम-133 वापरतात. त्याची 356 केईव्हीची (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) गॅमा रेषा आयोडीनच्या 364 च्या अगदी शेजारी आहे. पण बेरियमच्या 100 विघटनांत त्या रेषेचे सुमारे 62 गॅमा मिळतात, तर आयोडीनच्या 100 विघटनांत सुमारे 82. ही दुरुस्ती राहिली तर हवेतलं आयोडीन जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त दिसतं. सोडियम आयोडाइड डिटेक्टरमध्ये बेरियमच्या 303 आणि 384 च्या रेषाही 356 मध्ये मिसळतात, म्हणून तुमचा डिटेक्टर कोणता ते स्पष्ट कळवा.

हवेचा पंप आणि रोटामीटर (हवेच्या प्रवाहाचा दर दाखवणारं साधन) यांचं कॅलिब्रेशन वेगळं असतं. त्याचा अर्जही वेगळाच द्या.

प्रमाणपत्र हाती आलं की त्यावर स्रोताची संदर्भ तारीख, अनिश्चितता आणि कार्ट्रिजची मांडणी छापली आहे का ते तपासा. यातलं एखादंही नसेल तर सही करून ते स्वीकारू नका, परत पाठवा. पुढे डिटेक्टर दुरुस्त झाला किंवा कार्ट्रिजचा प्रकार बदलला, तर मुदत उरलेली असली तरी नवा अर्ज करा.