मुदत संपलेली गोळी, आम्लात बुडवलेले पोलाद

तापवून लाटलेल्या पोलादावर मिल स्केल, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची काळी खपली, धरते. जस्ताचा थर देण्यापूर्वी ती काढण्यासाठी माल हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात, म्हणजेच पिकलिंग करतात. स्केल निघाली की आम्ल खालचे लोखंड खाऊ लागते. ते रोखण्यासाठी टाकीत थोडे इनहिबिटर, म्हणजे झीज रोखणारे द्रव्य, घालतात. मुदत संपलेल्या औषधांकडून हे काम करून घेता येईल का, हा इथला प्रश्न आहे.

नायट्रोजन, गंधक आणि वलये असलेले रेणू यासाठी उपयोगी पडतात, आणि औषधांत ते भरपूर आहेत. पित्तावरच्या रॅनिटिडीनच्या एकाच रेणूत फ्युरानचे वलय, गंधक आणि नायट्रोजन आहेत. पोलादावर आधी क्लोराइड आयन बसतात. आम्लात धनभारित झालेला औषधाचा रेणू त्यांच्याकडे ओढला जातो आणि तिथे पातळ थर तयार होतो.

मुदत संपते ती उत्पादकाच्या हमीची. रेणू त्याच दिवशी मोडत नाही. अमेरिकी लष्करी साठ्यांवरच्या २००६ मधील आढाव्यात १२२ औषधांच्या ३,००५ लॉटपैकी ८८ टक्के लॉट मुदतीनंतर किमान वर्षभर टिकले होते.

औषध पोलाद किती वाचवते याची चाचणी प्रयोगशाळेतच, हातमोजे आणि चष्मा घालून, धूर ओढणाऱ्या कपाटात करावी. ५ × २ सेंमी मापाची, १ मिमी जाडीची पोलादी पट्टी पॉलिश पेपरने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन घ्या. ३७ टक्क्यांचे सुमारे ८३ मिली आम्ल बऱ्याचशा पाण्यात ओतून १ लिटर करा (आम्ल पाण्यात, कधीही उलटे नाही). हे १ मोलर आम्ल झाले. रॅनिटिडीनच्या १५० मिलिग्रॅमच्या गोळीचे रंगीत आवरण खरवडून ती कुटा, ५०० मिली आम्लात ढवळा आणि गाळा. टाल्क, टायटॅनियम डायऑक्साइड मागे राहतात. ३० अंश सेल्सियसला एक पट्टी या द्रावणात आणि तशीच दुसरी नुसत्या आम्लात बुडवा; ६ तासांनी दोन्ही धुऊन, वाळवून पुन्हा तोला. समजा, नुसत्या आम्लात १८० मिलिग्रॅम घट झाली आणि औषध घातल्यावर २७, तर संरक्षण ८५ टक्के.

इथेच बरेच जण फसतात. गोळीतला स्टार्चही थोडाफार इनहिबिटर असतो. शुद्ध औषध घातलेल्या आम्लात वेगळी पोलादी पट्टी ठेवली नसेल, तर श्रेय कोणाचे हे कळणार नाही. दुसरी अडचण तापमानाची. टाकी ६० अंशांवर गेली की केवळ विद्युतभाराने धरलेले रेणू सुटू लागतात. अ‍ॅम्पिसिलिनसारख्या औषधांचे बीटा-लॅक्टम वलय तर आम्लात फुटतेच. म्हणून ३० अंशांवरचा आकडा कारखान्यात धरून चालू नये.

आमच्या मते प्रतिजैविके या कामातून वगळावीत. वापरलेले आम्ल शेवटी सांडपाण्यात जाते आणि त्यातले औषध प्रतिरोधी जिवाणूंना पोसते. रॅनिटिडीनपासूनही एनडीएमए हे कर्करोगकारक द्रव्य तयार होऊ शकते, त्यामुळे नायट्राइट असलेल्या सांडपाण्यात ते मिसळू नये. घराघरांतून गोळा केलेल्या सरमिसळ गोळ्याही नकोत, कारण दर खेपेला मिश्रण बदलते. एकाच औषधाचा, एकाच लॉटचा, उत्पादकाकडे परत आलेला मोठा साठा असेल तरच हा हिशेब बसतो. भारतात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार टाकून दिलेली औषधे उत्पादकाकडे परत पाठवायची किंवा जाळून नष्ट करायची असतात, त्यामुळे असा साठा वळवण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागेल.