साबळे हर्डलवाला नाहीये हो

परवा सणस ग्राउंडला चालून झाल्यावर चहाच्या गाडीवर ३००० मीटर स्टीपलचेस पळणाऱ्या अविनाश साबळेचा विषय निघाला आणि ग्रुपमधले एक काका ठामपणे म्हणाले, "तो हर्डलवाला ना?" पुण्यात ठामपणाला तोटा नाही. पण काकांना तरी काय बोलणार, पेपरवाले हर्डल्स आणि स्टीपलचेस दोन्हीला 'अडथळ्यांची शर्यत' म्हणून मोकळे होतात.

आणि उंचीवरून तर अजिबात कळत नाही, कारण पुरुषांच्या ४०० मीटर हर्डल्समध्येही अडथळा ९१.४ सेंमी आणि स्टीपलचेसमध्येही तेवढाच. खरी गंमत पाय अडकला की कळते. हर्डल हलकं असतं, धक्का लागला की ते आडवं होतं आणि तुम्ही पुढे. स्टीपलचेसचा अडथळा म्हणजे जाड तुळईच, ८० ते १०० किलोची, ती ढिम्म हलत नाही, आडवे तुम्ही होता. म्हणून तिच्यावर पाय ठेवून जायलाही परवानगी आहे. पाण्याच्या उडीला, म्हणजे जिथे तुळईपलीकडे पाण्याचा खड्डा असतो तिथे, तर बरेच जण तेच करतात, एक पाय तुळईवर, जोरात रेटा द्यायचा आणि जमेल तेवढं लांब पडायचं, कारण खड्डा तुळईपाशी खोल आणि पुढे उथळ होत जातो, जवळ पडलात तर गुडघ्यापर्यंत पाणी आणि सगळी लय गेली. ३००० मीटरमध्ये अशा ७ उड्या, शिवाय २८ कोरडे अडथळे.

हर्डल्सवाला आपल्या लेनमध्ये एकटा असतो, १० अडथळे, मधली पावलं मोजून ठरलेली. इथे लेनच नाही, समोर कोणाची तरी पाठ, अडथळा अचानक दिसतो. त्यामुळे एक स्प्रिंटरचा खेळ आणि दुसरा लांब पळणाऱ्याचा, हे साबळेचं करिअर बघितलं की लगेच पटतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा पोरगा, आर्मीत गेला, २०१८ ला गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा नॅशनल रेकॉर्ड मोडला, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्सला ८:११.२० पळून सिल्व्हर, गोल्ड फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं (मला अजून हळहळ वाटते). हांगझोऊ एशियन गेम्सला स्टीपलचेसचं गोल्ड आणि ५००० मीटरचं सिल्व्हरही. आणि हाच माणूस २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदात पळालाय, हर्डलवाल्याला सांगून बघा! आपल्या साताऱ्याची ललिता बाबर पण मॅरेथॉनमधूनच इकडे आली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकची फायनल पळाली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "मग ओल्या बुटांनी फोड नाही येत?"

येतात ना. म्हणून त्यांच्या स्पाइक्सना जाळी असते, पाणी निघून जायला.