पुरवठादार पोर्टल म्हणजे ईडीआय नव्हे

चाकण किंवा भोसरीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात, वाहन कंपनीशी तुमचा व्यवहार कसा चालतो असे विचारले, तर "आता सगळे ऑनलाइन आहे" हे उत्तर हमखास मिळते. या उत्तराखाली दोन निरनिराळ्या व्यवस्था दडलेल्या असतात. एक पुरवठादार पोर्टल आणि दुसरी ईडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज. दोन्हींतून ऑर्डर, शेड्यूल आणि बिले यांचीच ये-जा होत असल्यामुळे त्या एकच समजल्या जातात.

पोर्टल हे ग्राहक कंपनीचे संकेतस्थळ असते. व्हेंडर, म्हणजे पुरवठादार, आपला कोड आणि पासवर्ड घालून आत शिरतो, पीओ (खरेदी ऑर्डर) आणि शेड्यूल पाहतो, माल पाठवताना एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) भरतो आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाले का, किती नग रिजेक्ट झाले, पैसे कधी येणार, हे तपासतो. ही सारी माहिती ग्राहकाच्या प्रणालीत राहते. व्हेंडरला तिच्याकडे पाहण्यापुरती खिडकी मिळते. तिथले आकडे स्वतःच्या टॅलीत, ईआरपीत (कारखान्याचे हिशेब आणि नियोजन सांभाळणारी संगणक प्रणाली) किंवा एक्सेलमध्ये आणायचे, तर कोणीतरी ते उतरवून घ्यावे लागतात. ग्राहक पाच असतील तर खिडक्याही पाच, आणि एकाच भागाला प्रत्येक ठिकाणी वेगळा पार्ट नंबर. पोर्टलमुळे टंकलेखनाचे काम नाहीसे होत नाही, ते ग्राहकाच्या कचेरीतून व्हेंडरच्या कचेरीत येते, हे स्पष्ट म्हटलेले बरे.

ईडीआयमध्ये पाहण्यासारखे काहीच नसते. ग्राहकाचा संगणक ठरलेल्या साच्यात एक संदेश तयार करतो आणि व्हेंडरचा संगणक तो थेट वाचतो. हे साचे जुने आहेत: अमेरिकेत एक्स१२ हे साचे ठरवणाऱ्या समितीचे काम 1979 मध्ये सुरू झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आलेल्या एडिफॅक्टला 1987 मध्ये मान्यता मिळाली. एक्स१२मध्ये प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो: 850 म्हणजे खरेदी ऑर्डर, 830 म्हणजे पुढील काळाचे नियोजन, 862 म्हणजे प्रत्यक्ष पाठवणीचे शेड्यूल, 856 म्हणजे एएसएन आणि 810 म्हणजे बिल. सुरुवातीला हे संदेश खासगी जाळ्यांवरून जात असत. 2002 मध्ये वॉलमार्टने आपल्या पुरवठादारांना एएस२ पद्धत घ्यायला लावल्यानंतर इंटरनेटवरून संदेश पाठवण्याची वाट रुळली. इंटरनेटचा वापर हा काही या दोन व्यवस्थांमधला फरक नव्हे. आलेला आकडा माणूस वाचतो की यंत्र, यावर तो ठरतो.

समजा, उद्याच्या 400 ब्रॅकेटचे शेड्यूल संध्याकाळी सात वाजता 650 झाले. पोर्टलवर आकडा त्याच क्षणी बदलतो, पण डिस्पॅचचा माणूस घरी गेला असेल तर तो बदल सकाळपर्यंत कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. ईडीआयची जोडणी पूर्ण असेल, तर तोच बदल रातोरात व्हेंडरच्या नियोजनात उतरतो आणि पत्रा किती कमी पडणार हेही कळते. मात्र ग्राहकाकडून 650 ऐवजी चुकून 6500 आले, तर तो आकडाही तितक्याच निमूटपणे आत शिरतो. पोर्टलवर शेड्यूल उतरवून घेणाऱ्या अनुभवी कारकुनाने असा आकडा पाहून आधी फोन केला असता. म्हणून ईडीआय लावताना असाधारण फरकावर थांबणारी तपासणी स्वतःच्या प्रणालीत बसवावी लागते. आणखी एक गल्लत नेहमी होते: 997 हा पोचसंदेश ऑर्डरचा साचा बरोबर असल्याचे सांगतो, ऑर्डर स्वीकारल्याचे नव्हे. त्यासाठी 855 हा वेगळा संदेश आहे.

या गोंधळात वेब-ईडीआय नावाचा संकर भर घालतो. व्हेंडर संकेतस्थळावर अर्ज भरतो आणि पलीकडे त्याचा ईडीआय संदेश बनतो. ग्राहकाच्या दृष्टीने ते ईडीआय आहे, व्हेंडरच्या दृष्टीने निव्वळ पोर्टल.

आपल्याकडच्या जीएसटी ई-इन्व्हॉइसमध्ये, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवाव्या लागणाऱ्या बिलामध्ये, दोन्ही वाटा शेजारी-शेजारी दिसतात. 1 ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना व्यावसायिक ग्राहकांच्या बिलांसाठी तो लागू झाला. कोणी फाइल तयार करून ती पोर्टलवर चढवतो, कोणाची ईआरपी एपीआयमधून (दोन संगणक प्रणालींना जोडणारा दुवा) थेट बोलते. पण साचा सर्वांना एकच, त्यामुळे आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) दोघांनाही सारख्याच पद्धतीने मिळतो. खासगी पोर्टलांना असा समान साचा नाही, आणि छोट्या व्हेंडरची खरी दमछाक तिथेच होते.

महिन्याला वीस-पंचवीस ओळींचे शेड्यूल आणि एकच ग्राहक असेल, तर ईडीआयचा खर्च परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. ग्राहक वाढले, शेड्यूल रोज बदलू लागले, तर मात्र एक सोपी चाचणी घ्यावी: पोर्टल पाहणारा माणूस दोन दिवस रजेवर गेला, तर बदललेला आकडा प्रेस शॉपपर्यंत, म्हणजे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या विभागापर्यंत, पोचतो का?