साठवण वेगळी, साठवणुकीचा विकार वेगळा

मराठवाड्यात साठवण म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. बळदात ज्वारी, भाव येईपर्यंत खोलीभर कापूस, ढेलजेत सोयाबीनची पोती, दारात टँकरच्या पाण्याची टिपाडं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. असं बघितलेल्या घरानं दोन टिपाडं जास्तीची ठेवली तर त्यात वावगं काहीच नाही.

वावगं आहे ते पुढचं वाक्य: "दुष्काळ काढलेली माणसं, त्यांना काही टाकवतच नाही." हे इतक्या सहज बोललं जातं की त्याआड एक आजार वर्षानुवर्षं लपून राहतो. साठवणुकीचा विकार, म्हणजे बिनकामाची वस्तूही टाकवत नाही असा मानसिक आजार, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 2013 पासून स्वतंत्र निदान आहे, आणि 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आहे. शंभरात साधारण दोन-तीन प्रौढांना तो असतो. लहानपणीच्या गरिबीशी त्याचं ठोस नातं अभ्यासांत दिसत नाही. घराण्यात असणं आणि जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा मोठा धक्का, यांच्याशी दिसतं.

गफलत होते ती एकाच ठिकाणी: लोक ढीग बघतात. बघायचं असतं ते वस्तू घराबाहेर जाते का. कापसानं छतापर्यंत भरलेली खोली भाव पटला की एका दिवसात रिकामी होते. ज्वारी जुनी आधी दळली जाते, आणि किती पोती उरली हे घरच्या बाईला तोंडपाठ असतं. माल मोठा, पण त्याला वाट आहे आणि मुदत आहे.

विकारात मुदतच नसते. रिकाम्या खताच्या पिशव्या, जुन्या लग्नपत्रिका, फुटक्या बादल्या, औषधांची रिकामी पाकिटं. वस्तूची किंमत किती, हा मुद्दाच नाही. ती टाकायची म्हटलं की माणूस कासावीस होतो, चिडतो, रडतो. "लागेल कधीतरी", "यांची आठवण आहे", "वाया कशी घालवू": प्रत्येक चिठोऱ्यासाठी नवा निर्णय, आणि तो होतच नाही. तासभर आवरूनही वस्तू या ढिगातून त्या ढिगात जाते, एवढंच. मग ओट्यावर स्वयंपाक होत नाही, पलंगावर झोपता येत नाही, न्हाणीत उभं राहायला जागा उरत नाही. सून रोज रेटून जागा करत असेल म्हणून घर वापरात दिसतं. तरी विकार असू शकतो. म्हणून घर बघून निदान करू नका, टाकताना माणूस बघा.

बाकीचे फरक सोपे आहेत. नाणी जमवणारा ती लावून ठेवतो आणि हौसेनं दाखवतो. नैराश्यातल्या माणसाकडे पसारा होतो तो उठवत नाही म्हणून. दुसऱ्यानं उचलला तर तो अडवत नाही. साठीनंतर अचानक सुरू झालेलं साठवणं मात्र स्मृतिभ्रंशाचं लक्षण असू शकतं, ते आधी डॉक्टरांना दाखवावं.

हा एका घरापुरता प्रश्न नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी टिपाडाच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात, आणि पाणी मिळालं की साधारण आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा टिपाड रिकामं करून आतून घासायचं. साठवणीच्या घरात हे जमतं. विकाराच्या घरात पावसाचं पाणी धरणारे डबे ढिगाखाली असतात, तिथं कुणाचा हात पोचत नाही, आणि डास गल्लीभर जातो. शेगडीजवळचा बारदाना, बंद झालेलं मागचं दार, ढिगातले उंदीर आणि विंचू हे वेगळंच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे म्हातारीला लेकीकडे पाठवून मागं ट्रॅक्टरभर सामान टाकून देणं. विश्वास जातो, आजार राहतो, घर पुन्हा भरतं. आधी फक्त धोका काढा, आणि तो तिला सांगून: शेगडी आणि सिलिंडरभोवतीची जागा, विजेचा बोर्ड, पलंगापासून दारापर्यंत अडीच-तीन फुटांची वाट. पाणी साचणारे डबे फेकायचे नाहीत, पालथे घालायचे; त्याला विरोध कमी होतो. मग एका वेळी एकाच प्रकारची वस्तू, अर्धा तास, आणि निर्णय तिचाच. टाकायचं ठरलं ते त्याच दिवशी भंगारवाल्याकडे गेलं पाहिजे. दारात राहिलं तर रात्रीतून परत आत येतं. खरा उपचार म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची समुपदेशन पद्धत. तिला कित्येक महिने लागतात. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. माणूस स्वतः तयार नसला तरी घरच्यांनी फोन करायला हरकत नाही.